बाबांना ह्वांगची द्यावी का? चिनी औषधं, डायबेटिस आणि किडनी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका ताईंचे वडील ६३ वर्षांचे, डायबेटिस १७ वर्षांचा. क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) २.१, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज; कमी म्हणजे वाईट) ३४, लघवीतून जाणाऱ्या अल्ब्युमिन या प्रोटीनचा रेशो ११००. पायावर थोडी सूज. इन्सुलिन आणि बीपीची गोळी टेल्मिसार्टन चालू आहे. वडिलांच्या शांघायला नोकरीला असलेल्या भाच्याने ‘ह्वांगची’ नावाच्या मुळीचं पाकीट पाठवलंय आणि सोबत हाँगकाँगच्या एका संशोधनाची बातमी. या मुळीने किडनी खराब होण्याचा वेग कमी झाला, असं बातमीत आहे. ताई विचारतात, द्यावी का? आणि काढा करायचा तर किती पाण्यात?

ताई, आधी सरळ उत्तर: आत्ता नको. पण ‘चिनी आहे, जडीबुटी आहे, म्हणून नको’ असं मी म्हणत नाहीये. गेली बावीस वर्षं मी किडनीचेच पेशंट बघतोय. घरच्यांनी आणलेली पाकिटं, बाटल्या, पुड्या टेबलावर ठेवून घेऊन वाचायची सवय मी लावून घेतली आहे. त्यातल्या बऱ्याच निरुपयोगी असतात, काही घातक असतात आणि एखादीत खरोखर दम असतो. ह्वांगची या तिसऱ्या गटात जाण्याची शक्यता आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाच्याने पाठवलेली बातमी खोटी नाही. हाँगकाँग विद्यापीठाच्या गटाने टाइप २ डायबेटिस असलेले, किडनीचा आजार दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात असलेले आणि लघवीतून भरपूर अल्ब्युमिन जाणारे ११८ पेशंट घेतले. निम्म्यांना नेहमीची औषधं, निम्म्यांना नेहमीची औषधं अधिक रोज १५ ग्रॅम ह्वांगची, असं ४८ आठवडे. ज्यांना मुळी मिळाली त्यांचा ईजीएफआर दुसऱ्या गटापेक्षा वर्षाला सुमारे ४.६ ने हळू उतरला. लघवीतल्या अल्ब्युमिनमध्ये मात्र ठळक फरक पडला नाही.

४.६ सोडा, त्याच्या निम्म्याच्या आसपास जरी फरक पडला तरी काय होतं, ते बाबांच्याच आकड्यावर बघा. ईजीएफआर आज ३४ आहे. वर्षाला ५ ने उतरला तर पाचेक वर्षांत १० च्या आसपास येतो, म्हणजे डायलिसिसच्या दारात. हाच वेग वर्षाला अडीचवर आणता आला तर त्याच दाराशी पोचायला नऊ-दहा वर्षं लागतात. मधली चार-पाच वर्षं म्हणजे किती, हे आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशिनला जोडून बसणाऱ्याला विचारा. म्हणून अशा आकड्याला मी हसत नाही.

मग नको का म्हणतोय? एक, ११८ पेशंट म्हणजे मूठभर. दोन, या अभ्यासात खोटं पाकीट, म्हणजे प्लासिबो नव्हतं. तपासणाऱ्याला माहीत नव्हतं, पण घेणाऱ्याला माहीत होतं की आपण मुळी घेतोय. असा पेशंट नकळत पथ्यही जास्त पाळतो, गोळ्याही वेळेवर घेतो. तीन, ईजीएफआर क्रिएटिनिनवरून काढतात, आणि क्रिएटिनिन स्नायूंवर आणि खाण्यावरही हलतं. मटण-चिकन कमी केलं की किडनी तशीच राहून आकडा सुधारतो. अल्ब्युमिन न हलता ईजीएफआर सुधारला की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते. हे सगळं असूनही अभ्यास नीट केलेला आहे. तो दाराची फट उघडतो, पण त्या फटीतून तुमच्या वडिलांना आत ढकलावं इतकी ती रुंद नाही.

याआधी २०१४ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास पारखणाऱ्या संस्थेच्या तज्ज्ञांनी ह्वांगचीवरचे सगळे अभ्यास चाळले होते. २२ अभ्यास, १३२३ पेशंट. निष्कर्ष असा की फायदा होत असेलही, पण अभ्यासांचा दर्जा इतका कच्चा आहे की खात्रीने काही सांगता येत नाही. ‘कच्चा’ म्हणजे काय, तेही ऐका. चीनमध्ये ‘रँडमाइज्ड ट्रायल’ म्हणून छापून आलेल्या शोधनिबंधांच्या २२३५ लेखकांना संशोधकांनी फोन करून विचारलं, की पेशंट कोणत्या गटात जाणार हे तुम्ही नक्की कसं ठरवलंत? २००९ मध्ये त्याचे निकाल आले. खरोखर चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केलेले अभ्यास निघाले २०७. बाकीच्या अनेकांना रँडमाइज्ड म्हणजे काय हेच नीट ठाऊक नव्हतं. लबाडी म्हणा की अज्ञान, परिणाम एकच. म्हणून चिनी औषधाच्या नावाने ‘पन्नास अभ्यासांनी सिद्ध’ असं लिहिलेलं दिसलं की मी पन्नास मोजत बसत नाही. त्यातला एखादा तरी धड आहे का, ते शोधतो.

धड अभ्यास अलीकडे वाढलेत, हेही मान्य करायला हवं. जिनलिदा नावाचं चिनी मिश्रण घ्या. पोट सुटलेल्या आणि डायबेटिसच्या उंबरठ्यावर असलेल्या ८८९ जणांवर, प्लासिबोसकट, दोन वर्षांहून जास्त काळ अभ्यास झाला आणि २०२४ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. औषध घेणाऱ्यांत १२ टक्क्यांना डायबेटिस झाला, प्लासिबोवाल्यांत १९ टक्क्यांना. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. पण हा प्रश्न उंबरठ्यावरच्यांचा आहे. बाबांनी तो उंबरठा १७ वर्षांपूर्वी ओलांडला.

किडनीसाठी सगळ्यात जोरदार आकडे दाखवणारी वनस्पती म्हणजे लेईगोंगतंग, इंग्रजीत जिला थंडर गॉड वेल म्हणतात. नानजिंगच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये डायबेटिसमुळे लघवीतून खूप प्रोटीन जाणाऱ्या ६५ पेशंटवर तिची तुलना व्हाल्सार्टनशी, म्हणजे टेल्मिसार्टनच्याच गटातल्या गोळीशी केली. सहा महिन्यांत वेलीच्या गटात रोजचं प्रोटीन ४.९९ ग्रॅमवरून २.९९ वर आलं, व्हाल्सार्टनचा गट जागचा हलला नाही. वाचून कोणीही उडी मारेल. पण हीच वेल यकृताला इजा करते, अस्थिमज्जा दाबते, पांढऱ्या पेशी पाडते, पुरुषांचं वीर्य बिघडवते, बायकांची पाळी बंद करते. तिचा परिणाम इम्युनिटी दाबणाऱ्या कडक औषधासारखा आहे आणि दुष्परिणामही त्याच जातीचे. ‘नैसर्गिक’ हा शब्द इथे काहीच सांगत नाही.

एक गोंधळ भाषांतराचा आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. चिनी वैद्यकात ‘शेन’ म्हणजे किडनी असं भाषांतर करतात. पण त्यांचा शेन म्हणजे पाठीमागे बरगड्यांखाली असलेली आपली ती दोन मूत्रपिंडं नव्हेत. शेन म्हणजे माणसाचा मूळ साठा: वाढ, प्रजनन, हाडं, म्हातारपण सगळं त्यात आलं. आपल्याकडे वात म्हणजे नुसता वारा नाही, तसंच. त्यामुळे पाकिटावर ‘किडनी बळकट करते’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा ते औषध कंबरदुखीवरचं किंवा पुरुषशक्तीवरचं असू शकतं आणि क्रिएटिनिनशी त्याचा सुतराम संबंध नसतो. भाचा मोबाइलवर भाषांतर करून वाचत असेल तर त्याला हे आवर्जून सांगा. डायबेटिसची ओळख मात्र त्यांना फार जुनी आहे. त्याला ते ‘शियाओके’ म्हणतात: तहान लागून झिजत जाणं. गोड आणि तुपकट खाण्याशी त्याचा संबंध त्यांच्या प्राचीन ग्रंथात आहे, आणि लघवी गोड असते हे सातव्या शतकातल्या चिनी वैद्यांनी लिहून ठेवलंय. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मधुमेह आहेच. निरीक्षणात दोघेही कमी नव्हते.

तैवानची गंमत बघा. या बेटावर सगळ्या जगाच्या तुलनेत डायलिसिसचे पेशंट फार जास्त आहेत आणि चिनी औषध घ्यायची पद्धत घरोघरी. २००८ मध्ये तिथल्या ४ लाख ६२ हजारांवर लोकांची आकडेवारी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. नियमित चिनी जडीबुटी घेणाऱ्यांना किडनीचा आजार असण्याचं प्रमाण २० टक्क्यांनी जास्त. मग २०१५ मध्ये त्याच बेटावरून दुसरा अभ्यास आला. किडनीचा आजार नव्याने कळलेल्या सुमारे २५ हजार पेशंटपैकी ज्यांनी त्यानंतर चिनी वैद्याकडून औषध घेतलं, त्यांची किडनी पूर्ण निकामी होण्याचं प्रमाण ६० टक्क्यांनी कमी! एकच बेट, एकच वैद्यक आणि दोन उलट उत्तरं.

दोन्ही आकडे खरे असू शकतात. पहिल्या अभ्यासातले बरेच लोक दुकानातून, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून, काय आहे ते न कळता घेणारे. दुसऱ्यातले विमा योजनेतून, नोंदणीकृत वैद्याकडून, नोंद होऊन घेणारे. शिवाय जो पेशंट एका डॉक्टरबरोबर दुसऱ्या वैद्याकडेही नेमाने जातो तो एकूणच तब्येतीला जपणारा असतो, आणि तिथे जाण्याइतका काळ धडधाकट राहिलेला असतो. त्यामुळे तो ६० टक्क्यांचा आकडा मी बराच कापून वाचतो. आणखी एक फरक आहे: २००३ मध्ये तैवानने ॲरिस्टोलोकिक ॲसिड असलेल्या वनस्पतींवर बंदी घातली. या ॲसिडची गोष्ट किडनीच्या प्रत्येक डॉक्टरला पाठ असते. तुमच्या पाकिटाशी तिचा थेट संबंध आहे.

१९९० च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या एका क्लिनिकने आपल्या जुन्या गोळ्यांत दोन चिनी वनस्पती मिसळायला सुरुवात केली. त्यातली एक होती ‘फांगजी’. थोड्याच काळात तिथल्या किडनीच्या डॉक्टरांकडे पन्नाशीच्या आतल्या बायका येऊ लागल्या. बीपी फारसं नाही, लघवीत प्रोटीन थोडंसंच, पण किडन्या आक्रसलेल्या आणि अॅनिमिया नको तितका जास्त. महिन्यांच्या हिशोबात त्या डायलिसिसवर जात होत्या. १९९३ मध्ये तिथलेच डॉक्टर वानहेरवेगेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळ्यांमधला धागा पकडला: सगळ्या त्याच क्लिनिकच्या. पुढे हा आकडा शंभराच्या वर गेला.

काय झालं होतं? चिनी भाषेत फांगजी नावाच्या दोन वनस्पती आहेत, ‘हान फांगजी’ आणि ‘ग्वांग फांगजी’. पहिली वेगळ्या कुळातली. दुसरी ॲरिस्टोलोकिया वंशातली, जिच्यात हे ॲसिड असतं. पिंपावरचं नाव एकच, आतला माल दुसरा. आपल्याकडे रास्ना म्हणून उत्तरेत एक वनस्पती मिळते आणि दक्षिणेत दुसरीच, तोच हा प्रकार. फरक इतकाच की आपल्या घोळात अशा किडन्या गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. हे ॲसिड किडनीतल्या बारीक नळ्यांच्या पेशी स्वतःहून आत ओढून घेतात. आत गेल्यावर ते डीएनएला चिकटतं आणि तिथे आपला ठसा सोडतं. तो ठसा इतका वेगळा असतो की वर्षांनंतर ट्यूमरच्या जनुकांत बघूनही सांगता येतं, की या माणसाने कधीतरी ॲरिस्टोलोकिया खाल्लंय. ब्रुसेल्सच्या ज्या बायकांच्या किडन्या गेल्या, त्यांतल्या ३९ जणींनी खबरदारी म्हणून निकामी किडन्या आणि मूत्रवाहिन्या काढून घेतल्या. त्यातल्या १८ जणींत कॅन्सर सापडला. हे निष्कर्ष २००० साली छापून आले. औषध थांबवून वर्षं उलटली होती.

आता तुमच्या पाकिटाकडे येतो. फांगजी आणि ह्वांगची. आपल्या कानाला हे दोन शब्द जवळपास सारखे वाटतात की नाही? चिनी वैद्यकात ‘फांगजी-ह्वांगची’ नावाचा जुना प्रसिद्ध काढाच आहे, आणि तो देतात कशावर? सुजेवर. बाबांच्या पायावर सूज आहे. भाचा उद्या तिथल्या दुकानदाराला म्हणाला, की मामांना किडनीचा त्रास आहे, पाय सुजतात, तर दुकानदार प्रेमाने हाच काढा बांधून देईल. चीननेही २००३-०४ च्या सुमारास ग्वांग फांगजी आणि तिच्या काही नातेवाईक वनस्पती अधिकृत यादीतून काढल्या, त्यामुळे आज तिथल्या चांगल्या दुकानात धोका खूप कमी झालाय. पण ऑनलाइन मागवलेल्या, दुसऱ्याने तिसऱ्याला दिलेल्या पुडीला कसली यादी? आणि हे फक्त त्यांच्याकडे आहे असंही समजू नका. सापसंद, ईश्वरी म्हणून जिची मुळी आपल्याकडे सर्पदंशापासून पोटदुखीपर्यंत देतात, ती ॲरिस्टोलोकियाच. किडामारही तीच जात. गावाकडून कोणी आणून दिली तर बाबांना मुळीच नको.

खरी ह्वांगची ओळखायला तशी सोपी आहे. तिरके, लांबट, आइस्क्रीमच्या काडीसारखे पातळ काप, फिकट पिवळे, कडेला तपकिरी साल, मधोमध गडद पिवळा गाभा. चावली तर किंचित गोड आणि कच्च्या वाटाण्याच्या शेंगेसारखा वास. ती कडधान्यांच्याच कुळातली आहे, त्यामुळे हे साहजिक. दक्षिण चीनमध्ये घरोघरी कोंबडीच्या सूपमध्ये टाकतात. काप असतील तर निदान डोळ्यांनी बघता येतं. पावडर किंवा कॅप्सूल असेल तर मी काय, कोणीच बघून सांगू शकत नाही.

पावडरवरून आठवलं. चीनमध्ये ‘शियाओके’ नावाची डायबेटिसची गोळी अनेक वर्षं विकली जाते. तिच्यात ह्वांगची आहे, इतर वनस्पती आहेत आणि प्रत्येक गोळीत पाव मिलिग्रॅम ग्लिबेनक्लामाइडही आहे, म्हणजे आपली जुनी अॅलोपॅथीची शुगरची गोळी. लपवून नाही, घटकांच्या यादीत लिहून. या गोळीवर ८०० पेशंटचा चांगला अभ्यासही झालाय. पण चिनी न वाचता येणाऱ्याला ते ‘हर्बल’ वाटतं. बाबांच्या किडनीत ग्लिबेनक्लामाइड साचत जातं आणि शुगर पडली की ती दिवसभर वर येत नाही. लपवून घातलेलं असेल तर आणखी वाईट. २००८ मध्ये सिंगापूरच्या हॉस्पिटलांत डायबेटिस नसलेले दीडशे पुरुष शुगर पडून भरती झाले. ताकदीच्या म्हणून घेतलेल्या गोळ्यांत भरपूर ग्लिबेनक्लामाइड निघालं. त्यातले चार जण गेले.

चिनी औषधं म्हटली की आपण ती परकी समजतो, पण आपल्या मसाल्याच्या डब्यात आणि बटव्यात ती कधीचीच येऊन बसली आहेत. रेवाचिनी, चोपचिनी, नावातच चीन आहे. रेवाचिनी म्हणजे त्यांची दाह्वांग. चीनमध्ये किडनीच्या पेशंटना तोंडाने आणि एनिमातूनही देतात, विष आतड्यातून बाहेर काढायचं या कल्पनेने. जुलाबाचं औषध आहे ते. टेल्मिसार्टन घेणाऱ्या माणसाला दोन दिवस जुलाब झाले तर क्रिएटिनिन २.१ वरून ४ वर जायला वेळ लागत नाही, हे मी दर उन्हाळ्यात बघतो, दाह्वांगशिवायही. ज्येष्ठमध चिनी काढ्यांत इतकं सर्रास असतं की ते नसलेला काढा शोधावा लागेल. घसा बसल्यावर एखादी कांडी चघळायला हरकत नाही, पण रोज महिनोन् महिने गेलं तर शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, बीपी चढतं, सूज वाढते, पोटॅशियम पडतं. आणि कीडाजडी, उत्तराखंडच्या डोंगरातून सोन्याच्या भावाने येणारी, तीही चीनमध्ये किडनीवर देतात. कॅप्सूलमध्ये असते ती बहुतेक कारखान्यात आंबवून वाढवलेली बुरशी. डोंगरातल्या अस्सल कीडाजडीत आर्सेनिक जास्त सापडतं, असा इशारा चीनच्याच औषध नियंत्रकांनी २०१६ मध्ये दिला होता.

यांत मला सगळ्यात रस वाटतो तो ह्वांगल्येन या चिनी वनस्पतीतल्या बर्बेरिन नावाच्या द्रव्यामध्ये. तेच द्रव्य आपल्या दारुहळदीत आहे आणि आयुर्वेदात प्रमेहावर दारुहळद आहेच. हिमालयाच्या दोन बाजूंच्या वैद्यांनी दोन वेगळ्या वनस्पती एकाच आजारावर वापरल्या आणि आतलं पिवळं द्रव्य एकच निघालं, याला नुसता योगायोग म्हणवत नाही. २००८ मध्ये चिनी डॉक्टरांनी नव्याने डायबेटिस कळलेल्या ३६ जणांवर बर्बेरिनची मेटफॉर्मिनशी तुलना केली. तीन महिन्यांत बर्बेरिनवाल्यांचं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ९.५ वरून ७.५ वर आलं, मेटफॉर्मिनच्या तोडीस तोड. अभ्यास छोटा आहे, पण पुढच्या मोठ्या अभ्यासांतही शुगर उतरली. म्हणजे हे औषधच आहे. आणि औषध म्हटलं की ते दुसऱ्या औषधाच्या वाटेत येणारच.

माझ्याकडे किडनी ट्रान्सप्लांट झालेले एक शिक्षक येतात. चार वर्षं सगळं सुरळीत. एकदा आले ते हात थरथरत होते. ओपीडीच्या रजिस्टरमध्ये सही करताना पेन कागदावर नुसतं नाचत होतं. क्रिएटिनिन १.२ वरून १.९. टॅक्रोलिमसची, म्हणजे नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून देतात त्या औषधाची, रक्तातली पातळी हवी त्याच्या दुप्पट. डोस बदललेला नव्हता. ‘दुसरं काही घेता का?’ ‘नाही.’ ‘शुगरसाठी?’ ‘औषध नाही हो डॉक्टर, एक चूर्ण आहे फक्त.’ बायकोने पिशवीतून बरणी काढली. पिवळंधमक चूर्ण, झाकणाला, बोटांना, पिशवीच्या अस्तराला लागलेलं. यादीत पहिलंच नाव दारुहळद. बर्बेरिन यकृतातलं औषधं मोडण्याचं काम मंदावतं, त्यामुळे ट्रान्सप्लांटची औषधं रक्तात साचतात. सायक्लोस्पोरिन या त्याच कामाच्या औषधाच्या बाबतीत हे चीनमध्येच ट्रान्सप्लांटच्या पेशंटवर अभ्यासून दाखवलंय. चूर्ण बंद केलं, दहा-बारा दिवसांत पातळी खाली आली, हात थांबला. ‘औषध नाही, चूर्ण आहे’, हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो.

आता ज्यासाठी मी इतकं लिहीत बसलो ते. ताई, तुम्ही बाबांची औषधं लिहिलीत: इन्सुलिन आणि टेल्मिसार्टन. यादी इथेच संपत असेल तर शांघायच्या पाकिटाआधी या यादीतली रिकामी जागा भरायला हवी. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, शुगर लघवीतून बाहेर काढणाऱ्या गटातल्या गोळ्या. डापाग्लिफ्लोझिनवर २०२० मध्ये ४३०४ किडनीच्या पेशंटचा अभ्यास आला, प्लासिबोसकट. किडनी झपाट्याने ढासळणं, ती निकामी होणं किंवा किडनी-हृदयामुळे मृत्यू, हे सगळं मिळून ३९ टक्क्यांनी कमी. ११८ कुठे आणि ४३०४ कुठे! आणि इथे मोजलं ते नुसतं क्रिएटिनिन नव्हे, डायलिसिस आणि मरण मोजलं. ईजीएफआर ३४ ला ही गोळी सुरू करता येते. भारतात दोन्हींचं पेटंट संपलंय, जेनेरिक स्वस्तात मिळतात. त्याच्यापुढे फिनेरेनोन ही किडनी जपणारी आणखी एक गोळी आहे, पोटॅशियम परवानगी देत असेल तर. सेमाग्लुटाइड या डायबेटिसच्या औषधावर २०२४ मध्ये ३५३३ पेशंटचा किडनीचाच अभ्यास आला. त्याबद्दलही निदान विचारा तरी. कदाचित डॉक्टरांनी काही कारणाने टाळलंही असेल. आधीचा लघवीचा जंतुसंसर्ग, पायाची जखम, काहीही. पण तो प्रश्न विचारल्याशिवाय मुळी उकळायला ठेवू नका. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन थोडं वर जातं, ते अपेक्षित असतं, घाबरून बंद करायची नसते. उलट्या-जुलाब, उपास, ऑपरेशन असेल तेव्हा मात्र डॉक्टरांना विचारून थांबवायची. इन्सुलिनचा डोसही तेव्हा बघून घ्या. किडनी उतरत गेली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं आणि पूर्वीच्याच डोसवर शुगर पडायला लागते.

आणि तुम्हाला जडीबुटीची ओढ असेल तर हे ऐका: डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्यांचा मूळपुरुष फ्लोरिझिन, सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून १८३५ मध्ये काढलेला. मेटफॉर्मिनचं मूळ युरोपातल्या एका शेंगवर्गीय रानझुडपात. तेही झाडपाल्याचंच औषध, फक्त दीडशे-दोनशे वर्षं घासून-पुसून, मोजून-मापून गोळीत बसवलेलं. ह्वांगचीचा तो प्रवास आता कुठे सुरू झालाय.

बाबांचा आग्रहच असेल, तर माझ्या अटी सांगतो. आधी वरच्या गोळ्यांचा प्रश्न मार्गी लागू द्या आणि तीन महिने आकडे स्थिर बघा. बीपी १३०/८० च्या आत. मग एकटी ह्वांगची, काप स्वरूपात, कुठलंही मिश्रण नाही, पावडर नाही, कॅप्सूल नाही. सुरू करण्याआधी आणि दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन, पोटॅशियम, लिव्हरची तपासणी. किडनीच्या डॉक्टरांना तोंडावर सांगून. ते रागावले तरी सांगून. ट्रान्सप्लांट झालेल्याला किंवा इम्युनिटीची औषधं घेणाऱ्याला ह्वांगची अजिबात नाही, ती इम्युनिटीला चेव आणते असं मानलं जातं. आणि करंबल, म्हणजे कमरख, किंवा बिंबलांचं सरबत कोणी ‘शुगरवर रामबाण’ म्हणून दिलं तर तेही नाही. त्यातलं ऑक्झलेट किडनीत जाऊन रुततं, आणि किडनी उतरलेल्या माणसाला कमरख खाऊन न थांबणारी उचकी आणि नंतर फिट आलेली मी पाहिली आहे.

राहिला काढा किती पाण्यात हा प्रश्न. चीनमध्ये मुळी भिजवून, दोनदा उकळून, दोन्ही पाणी एकत्र करून दिवसभरात दोन वाट्या घेतात. पण बाबांच्या पायावर सूज आहे. त्यांना दिवसाला पाणी किती चालेल हे डॉक्टरांनी सांगितलंय का? सांगितलं नसेल तर पुढच्या भेटीत आधी ते विचारा. चहा, ताक, वरण, सगळं त्यात धरायचं असतं. पाकीट फेकू नका, बंदच ठेवा. पुढच्या वेळी रिपोर्टच्या फाइलबरोबर तेही न्या. भाच्याला पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो सरळ, न कापता पाठवा आणि घटकांची यादी वाचायला सांगा. त्या यादीत ह्वांगची दाखवणारी चिनी अक्षरं दोनच असायला हवीत. तिसरं काही दिसलं तर ते काय आहे, हे त्याने त्या दुकानात पुन्हा जाऊन विचारावं.